आईच्या कानातली गुणगुण

मी या ग्रुपवर बरेच दिवस नुसता वाचतोय. कुणाचं काचिगुड्याचं घर, कुणाची सुलतानबाजारातली शाळा, कुणाचा मोहोळ उठल्यासारखा गणपती. वाचून छान वाटतं, पण लिहायला बसलं की आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे असं होतं. या वेळी मात्र लिहितोच. थोडं विजेचं आहे, थोडं आईचं. विजेचा भाग कंटाळवाणा वाटला तर पुढे सरका, पण पूर्ण गाळू नका, कारण गोष्ट त्याच्यातच आहे.

आधी एक खुलासा. आमचं हिमायतनगर म्हणजे हैदराबादचं. नांदेड जिल्ह्यातलं, मूळचं वाढोणा, ते वेगळं. एकदा आमच्या घरची लग्नपत्रिका तिकडे जाऊन पंधरा दिवसांनी परत आली होती, लग्न उरकल्यावर. आमचं हे हिमायतनगर सातव्या निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानच्या नावावरून. लिबर्टीपासून नारायणगुड्याकडे येताना डाव्या-उजव्या हाताला नंबराच्या गल्ल्या लागतात, त्यातल्या एकीत आमचं घर होतं. बैठं, मागे विहीर, पुढे जास्वंद. १९९८ मध्ये ते पाडून अपार्टमेंट झालं, आणि त्यातल्याच दुसऱ्या मजल्यावर आम्ही आजही राहतो. म्हणजे जागा तीच, फक्त वीस फूट वर.

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. मराठी घरात, पण बोलणं खास हैदराबादी. 'नक्को', 'हौ' हे तर होतंच, वर मराठवाड्याचं 'येऊ लालो', 'करू लालो'. पुण्याचे नातेवाईक हसायचे. अण्णा म्हणायचे, हसू द्या, त्यांना तेवढाच विरंगुळा.

ताई लग्न होऊन १९८४ मध्ये अमेरिकेला गेली. तेव्हा परदेशी फोन म्हणजे काय प्रकरण होतं ते इथल्या पन्नाशीपुढच्यांना सांगायला नको. पत्र पोचायला दोन आठवडे. मग अण्णांनी कॅसेट-पत्रं सुरू केली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. रविवारी दुपारी जेवण झालं की दोन खणी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचा, माईकवर रुमाल, आणि सुरुवात ठरलेली : "चिरंजीव सौभाग्यवती ताईस अण्णांचे अनेक आशीर्वाद. आज रविवार. तुझी आई आत भांडी आपटू लाली, तो आवाज येईल, तिकडे लक्ष देऊ नको." मग गल्लीतल्या बातम्या. कोण वारलं, कुणाचं लग्न जमलं, चिक्कडपल्लीच्या लायब्ररीत कुठलं पुस्तक मिळालं, विहिरीला पाणी किती. अधूनमधून लहानपणी ऐकलेल्या डेक्कन रेडिओच्या आठवणी. तो निजामी रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीकडे गेला, पण अण्णांच्या तोंडी शेवटपर्यंत 'डेक्कन रेडिओ'च.

ताईनं सगळ्या कॅसेट जपून ठेवल्या. अण्णा २०१७ मध्ये गेले. नंतरच्या खेपेला ती येताना बिस्किटांच्या डब्यात चौदा कॅसेट घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू इंजिनिअर ना? आईला ऐकता येतील असं काहीतरी कर."

आता आईचं सांगतो. आई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांना अंधुक दिसतं, बोटं वाकडी झालीत, दोन्ही कानांना मशीन. गाणं शिकलेली. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटीवर हीच. मोबाइल तिला जमत नाही, त्याची ती गुळगुळीत काच म्हणजे तिच्या बोटांचा अपमानच. तिला हवी चार मोठी बटणं. चालू, बंद, पुढे, मागे. बस.

मी पस्तीस वर्षं एका सरकारी कारखान्यात टेस्टिंगला होतो, निवृत्त झालो. असलं काम म्हणजे माझा जीव. एका स्टीलच्या खाऊच्या डब्यात मी सगळं बसवलं. बोटाएवढ्या आकाराचा ईएसपी-३२ नावाचा छोटा कंट्रोलर, मेमरी कार्ड, डिजिटलचा आवाज करणारं एक डॅकचं बोर्ड, तीन वॅटचा चिमुकला अॅम्प्लिफायर, स्पीकर. वीज मोबाइलच्या चार्जरची. सामान कोठीच्या गुजराती गल्लीतून. ती गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांनी हैदराबाद अर्धंच पाहिलं. दुकान म्हणजे एक कपाट, आणि कपाटात जगातली सगळी स्पेअर पार्ट्‌स. दुकानदार मला कपॅसिटर दाखवत म्हणाला, "साब, ये सस्तेवाला नक्को लेव, छे महिने में फूल जाता." घेतला महागाचा.

कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यात दोन महिने गेले. जुन्या डेकचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. हेड स्पिरिटनं पुसायचं, फीत सुटलेली असेल तर पेन्सिलीनं गुंडाळायची, हे सगळं. मी हौसेनं त्यावर आवाज साफ करणारं सॉफ्टवेअरही चालवलं. अण्णा पाण्याखालून बोलतायत असं झालं. आई म्हणाली, "हे अण्णा नाहीत, हे कुणीतरी सर्दी झालेलं आहे." म्हणून मूळ होतं तसंच ठेवलं, पंख्याच्या घरघरीसकट.

डबा पहिल्यांदा चालू केला तेव्हा अण्णांच्या आधी आवाज आला तो घूं करणारा. त्यावर टिक-टिक-टिक अशी बारीक फोडणी. हे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, अगदी शेजारच्यांनाही.

असा आवाज शोधायची एक रीत असते. अंदाजानं पार्ट बदलत बसायचं नाही, एकेक वस्तू सोडवत जायची. पहिलं म्हणजे चार्जर काढून डबा पॉवर बँकेवर लावला. घूं नव्वद टक्के गेला. म्हणजे तो भिंतीतून येत होता. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्याच्या आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून थोडी वीज पाझरत राहते. स्टीलच्या वस्तूला चार्जर लावून हात फिरवला की मुंग्या येतात ना, तीच. माझा डबा स्टीलचा, आणि तो आतल्या सर्किटच्या ग्राउंडला मी जोडलाच नव्हता. डबा आडोसा व्हायच्या ऐवजी अँटेना झाला होता. एक वायर सोल्डर केली, निम्मं काम झालं.

मग मी अण्णांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमला डबा जोडून पाहिला, तर घूं परत. तिला तीन पिनांचा प्लग आहे. मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एखाद-दोन व्होल्ट असावेत, इथे अडतीस. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, आत डोकावला, आणि शांतपणे म्हणाला, "साब, अर्थिंग हैच नै. वायर छोड के गए." पंचवीस वर्षं आमच्या हॉलमधल्या तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. खाली पार्किंगमध्ये अर्थिंगचा खड्डाही कोरडाठाक, वर कुणाची तरी स्कूटर. कोळसा-मीठ-पाणी घालून तो जिवंत केला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय मी काढला तेव्हा लोक म्हणाले, इतकी वर्षं काही झालं का? झालं नाही हे आपलं नशीब. गीझर, वॉशिंग मशीन वापरणाऱ्यांनी आपापल्या घरी हे एकदा तपासाच.

टिक-टिक मात्र पॉवर बँकेवरही होती. म्हणजे ती डब्याच्या आतली. ताईला तिकडून नवीन काही पाठवता यावं म्हणून मी वायफाय चालू ठेवलं होतं. वायफाय काही सतत वीज खात नाही, घोट घोट पितं, सेकंदाला अनेकदा. प्रत्येक घोटाला व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, आणि अॅम्प्लिफायर तो धक्का इमानदारीनं ऐकवतो. शिवाय मी सगळ्यांची ग्राउंडची वायर एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओवली होती, झेंडूच्या माळेसारखी. कंट्रोलरचे धक्के डॅकच्या अंगावरून जात होते. ती माळ तोडली, प्रत्येकाची वायर वेगळी आणून एका जागी जोडली. अॅम्प्लिफायरच्या पायाशी चांगला मोठा कपॅसिटर बसवला, डॅकला वेगळा छोटा रेग्युलेटर दिला, आणि गाणं चालू असताना वायफाय बंद असा प्रोग्रॅम बदलला. डबा चिडीचूप झाला. मी स्पीकरला कान लावून बसलो तरी काही नाही. बायको म्हणाली, "बिघडला का?" एवढा शांत.

अण्णांची पहिली कॅसेट लावली. "चिरंजीव सौभाग्यवती ताईस..." आई काही बोलली नाही. पदर तोंडाशी धरून सगळी बाजू ऐकली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी हाक आली. "अरे, ती गुणगुण येते आहे बघ."

मी गेलो. काही नव्हतं. कान लावला, नव्हतं. पॉवर बँक लावली, दुसरा स्पीकर लावला. "आहे अजून?" "आहे." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे, आज नाही. परवा परत. मी हॉलमध्ये नेऊन लावला, तिथे तिला स्वच्छ ऐकू आला. खोलीत आणला, गुणगुण. हे मी त्या वेळी नीट मनावर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

मुलाला बोलावून ऐकवलं, त्याचे कान पंचवीस वर्षांचे. त्यालाही काही नाही. लॅपटॉपवर आवाजाचा आलेख काढला, सपाट. हतबल होऊन मी डबा स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळला, पोळ्या गुंडाळतात तसा. आई म्हणाली, येते आहे. कान तपासणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, या वयात कानात आपोआप आवाज येतात, त्याला उपाय नसतो, मशीन चांगलं आहे. झालं. मला हवं तेच उत्तर मिळालं.

पुढच्या वेळी तिनं हाक मारली तेव्हा मी रात्रीच्या जेवणावरून उठून गेलो होतो. मी म्हणालो, आणि आवाज चढवून म्हणालो, कारण तिला ऐकू कमी येतं हे निमित्त कायम हाताशी असतं, "आई, मी पस्तीस वर्षं हेच काम केलंय. आवाज नाहीये. डब्यात नाहीये. तुझ्या कानात आहे."

ती म्हणाली, "असेल बाबा. माझ्याच कानात असेल."

त्यानंतर तिनं डबा मागितला नाही. आठ दिवस. मी मनात म्हटलं, बरं झालं, प्रश्न सुटला. नवव्या दिवशी दुपारी बायकोनं मला खुणेनं बोलावलं. आईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आई पलंगावर बसली होती, दोन्ही मशीन काढून उशीजवळ ठेवलेली, आणि डबा दोन्ही हातांनी गालाला लावून धरलेला. आवाज पूर्ण मोठा. मशीनशिवाय तिला शब्द काय कळणार? नुसती थरथर ऐकत होती. बायको हळूच म्हणाली, "रोज दुपारी असंच करतात त्या. तुम्ही झोपलात की."

मी काही न बोलता परत फिरलो. काय बोलणार होतो?

मे महिना होता. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी वादळ आलं, झाडाची फांदी तारांवर पडली, आमच्या गल्लीची वीज तासदीड तास गेली. आली तेव्हा साडेआठ. आईनं हाक मारली, पण या वेळी गुणगुणीबद्दल नाही. "इकडे ये. पेटी काढ."

पेटी कपाटावर, तिच्यावर चादरी. काढली, पुसली. वर्षभर हात लागला नव्हता. मी भाता मारला, आई वाकड्या बोटानं एकेक पट्टी दाबत गेली, डोकं कलतं करून. मधे थांबायची, कानातली ऐकायची, पुढची पट्टी. पांढरी पाचवर थांबली. दोनदा दाबली.

"हा सूर आहे त्याचा. पण नीट नाही, जरासा चढा. म्हणून तर त्रास होतो. माझी काळी चार, तिला हा खालून घासतो. अण्णा बोलतात तेव्हा चालतं, पण शेवटी ते भजन म्हणतात ना, तेव्हा मला बरोबर म्हणता येत नाही."

मंडळी, पांढरी पाचचा मंद्रातला सूर म्हणजे सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनं. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, आणि तिच्यापासून चार्जिंगसारखी कामं करताना जी गुणगुण निघते ती तिच्या दुप्पट, म्हणजे शंभर. अठ्ठ्याण्णवपेक्षा शंभर म्हणजे पांढरी पाचहून जरासा चढा, आणि काळी चारच्या खाली. तिनं मला आकडाच काढून दिला होता, मल्टिमीटरशिवाय. म्हातारपणी कानात आपोआप येणारा आवाज विजेच्या सुरात नेमका लावून येत नाही. तो आवाज खरा होता. मला ऐकू येत नव्हता, एवढंच.

मग प्रश्न असा की तिला ऐकू येतो आणि पंचवीस वर्षांच्या पोराला नाही, तो कुठून? तिच्याकडे आमच्यापेक्षा जास्त काय आहे? मशीन. मी तिच्या हातातून मशीन घेऊन प्रथमच नीट पाहिलं. मागे एक चिमुकलं बटण. माहितीपत्रक शोधलं, अजून खोक्यातच होतं. बटण दाबलं की प्रोग्रॅम बदलतो. पहिल्यात नुसता माईक, एक बीप. दुसऱ्यात माईक अधिक टेलिकॉईल, दोन बीप.

टेलिकॉईल म्हणजे बारीक तारेचं वेटोळं. जुन्या लँडलाईन फोनच्या रिसिव्हरभोवती थोडं चुंबकीय क्षेत्र असतं. हे वेटोळं ते पकडून थेट कानात आवाज देतं, बाहेरच्या गोंगाटाशिवाय. आमच्याकडे लँडलाईन होता तेव्हा कुणीतरी ते चालू करून दिलं असणार. फोन गेला, वेटोळं राहिलं. आई मशीन कानामागे बसवताना वाकड्या बोटानं ते बटण दाबलं जायचं. दोन बीप ऐकून ती समजायची, सेल ठीक आहे.

वेटोळ्याला हवेतला आवाज कळत नाही, चुंबकीय क्षेत्र कळतं. म्हणून माझा कान, पोराचा कान, लॅपटॉप, सगळे बहिरे आणि आई तेवढी ऐकणारी. आणि माझं ते फॉइल! असल्या मंद गतीच्या चुंबकीय क्षेत्राला फॉइल म्हणजे मच्छरदाणीनं वारा अडवण्यासारखं. स्टीलचा डबाही तसाच, त्याला लोहचुंबक चिकटतसुद्धा नाही.

त्या रात्री मी झोपलो नाही. भंगारातल्या एका रिलेची कॉईल काढली, लांब वायर लावून छोट्या अॅम्प्लिफायरला जोडली, कानाला हेडफोन, आणि घरभर फिरलो. हा अनुभव ज्यानं घेतला नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. शांत घर, सगळे झोपलेले, आणि हेडफोनमध्ये प्रत्येक भिंत काहीतरी बोलते आहे. फ्रिजपाशी गुरगुर. पंख्याच्या रेग्युलेटरपाशी करवत. मीटरच्या पेटीजवळ तर जत्रा. हॉलमध्ये आईच्या खुर्चीशी जवळजवळ शांत. आणि तिच्या पलंगाच्या उशाशी कॉईल नेली, तर तो सूर. भरदार, सलग. मी जाऊन पेटीवर पांढरी पाच दाबून पाहायचा मोह टाळला, रात्रीचे दोन वाजले होते.

उशाच्या भिंतीच्या पलीकडे आमचा पॅसेज, आणि पॅसेजमध्ये बरोबर त्याच उंचीवर इन्व्हर्टर. आत जड ट्रान्सफॉर्मर, खाली बॅटरी, आणि दोघांना जोडणाऱ्या दोन जाड वायरी एकमेकींपासून हातभर लांब, भिंतीवर छान कमान करून. वीज जाऊन आली की बॅटरी तासन्‌तास चार्ज होते, त्या दोन वायरींमधून शंभराच्या ठेक्यात करंट वाहतो, आणि ती कमान म्हणजे फुकटचा लूप. आईची उशी त्याच्यापासून एका विटेच्या अंतरावर. वीज गेली नाही त्या दिवशी बॅटरी भरलेली, करंट नाममात्र, गुणगुण नाही. 'कधी येते, कधी नाही' याचा एवढा सरळ अर्थ होता. तिनं मला दिवस सांगितले होते, जागा सांगितली होती. वीज कधी गेली होती हे विचारायचं तेवढं माझं काम होतं.

सकाळी चहाच्या वेळी मी आईला म्हणालो, "आई, तुझं बरोबर होतं. आवाज आहे." तिनं चहाचा घोट घेतला. "मग मी काय सांगत होते?" एवढंच. माफी मागायचं मी मनात ठरवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं, ते तसंच राहिलं. ती बिस्कीट बुडवण्यात गुंतली.

पलंग दुसऱ्या भिंतीला लावू म्हटलं तर तिथे डोकं उत्तरेला येतं. तो विषय तिथेच संपला. इन्व्हर्टर बॅटरीसकट स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत नेला, वीस फुटांवर. दोन्ही वायरी शेजारी शेजारी बांधून टाकल्या, कमान गेली. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर भराभर ओसरतं, त्यामुळे उशाशी कॉईल धरली तर आता जेमतेम कुजबुज. इलेक्ट्रिशियननं विचारलं, "साब, वहाँ क्या तकलीफ थी?" मी म्हटलं, अम्मा को आवाज आ रा था. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही सांगितलं नाही.

खरं तर मशीनमधली कॉईल बंद करून टाकली असती तरी भागलं असतं, आणि कान तपासणाऱ्या बाई तेच म्हणाल्या. पण तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच आलं होतं. इंग्लंडमध्ये तिकिटाच्या खिडकीवर, नाटकगृहात, लंडनच्या टॅक्सीतसुद्धा कानाचं चित्र आणि 'टी' हे अक्षर दिसतं. तिथे वायरीचा लूप असतो आणि बोलणाऱ्याचा आवाज थेट मशीनच्या कॉईलमध्ये जातो. जी कॉईल इन्व्हर्टर ऐकते ती अण्णांना का नाही ऐकणार?

बाईंनी तिसरा प्रोग्रॅम करून दिला, नुसती कॉईल, माईक बंद. मी बारीक इनॅमलच्या तारेचे बरेच वेढे घेऊन गळ्यात अडकवण्याजोगा एक हार केला, वर सुती कापडाची नळी, बायकोनं शिवलेली. स्पीकरऐवजी तो हार अॅम्प्लिफायरला. तारेचा रोध कमी पडला तर अॅम्प्लिफायर जळतो, पहिला जळलाही, गुजराती गल्लीची आणखी एक खेप झाली.

तो पहिल्यांदा आईच्या गळ्यात घातला, तीन बीप मोजले आणि बटण दाबलं. खोलीत काहीच आवाज नाही. आई एकदम ताठ बसली. मग हात हवेत करून म्हणाली, "अरे, हे तर डोक्याच्या आत बोलू लाले." अण्णांचं 'लाले' तिच्या तोंडून मी किती वर्षांनी ऐकलं.

आता रोज दुपारी हे चालतं. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नाही. परवा पाऊस होता, वीज जाऊन आली होती, मी सवयीनं तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. आई डोळे मिटून बसलेली, गळ्यात तो हार, आणि एकदम मोठ्यांदा हसली. एकटीच. मी जवळ जाऊन खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं हात वर करून मला थांबवलं, थांब, पुढचं ऐकू दे.